धाकट्याची पाटी

कुणीतरी रोज सकाळी धाकट्याच्या फायली चाळत होतं.

सर्व्हरच्या नोंदींत ते स्वच्छ दिसत होतं. एकच पाहुणा, एकच फोल्डर, त्यातली एकच फाईल. ताईने खुर्ची पुढे ओढली. वेबसाइट दातांच्या दवाखान्याची होती आणि ती तिच्या धाकट्या भावाने बनवली होती. मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हापासून त्याचं काम तिच्याकडे आलं होतं. लोकांना दिसतात ती पानं बाहेर असावीत आणि ती ज्यांतून बनतात त्या मूळ फायली कुलपात, हा या धंद्यातला पहिला धडा. धाकट्याने त्या उघड्यावर ठेवल्या होत्या. पेशंटांच्या माहितीचा पासवर्डही त्यांतच पडला होता.

"माझ्या पेशंटांची नावं बाहेर गेली तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही," डॉक्टर फोनवर म्हणाले. "तुमचा भाऊ इतका हुशार, आणि हे असं?"

"आज बंद करते," ती म्हणाली. शेवटचं वाक्य तिला लागलं.

यावरून ती त्याच्याशी कितीदा भांडली होती. "अरे गाढवा, कुलूप लाव."

"लावतो गं. आधी पाटी तर रंगवू दे."

पाटी खरंच तयार होती. बंद फोल्डरवर येऊन धडकणाऱ्याला दिसावं म्हणून त्याने एक पान करून ठेवलं होतं. लाल, टपोरी अक्षरं: 'काय शोधताय? इथं कुणी नसतं. गुपचूप घरी जा, जेवून घ्या.' दाराला कडी नाही, पण चोरासाठी निरोप तयार. ताईला हसू आलं. मग तिने चष्मा काढून पुसला.

त्याच्या फायली उघडायला तिचा हात होईना. तिने पासवर्ड बदलला, फोल्डर बंद केलं, पाटी जोडली. स्वतःच्या फोनवरून तपासलं. लाल अक्षरं आली.

"आता तुझ्या वस्तूंना कुणाचा हात लागणार नाही," ती पडद्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा आला. अडला. पुन्हा आला, पुन्हा अडला. बऱ्याच वेळा. मग थांबला. ताईला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी ती नेहमीप्रमाणे आईकडे गेली. धाकटा गेल्यापासून आई ताटावर बसायची आणि दोन घास चिवडून उठायची. नातेवाईक, शेजारी, ताई, सगळे सांगून थकले होते. आज ओट्यावर ताट घासून उपडं ठेवलं होतं. टेबलावर धाकट्याचा जुना टॅब होता.

"जेवलीस?"

"पोटभर."

"अगं बाई! आज कुणाचं ऐकलंस?"

"धाकट्याचं."

आईने टॅब तिच्याकडे सरकवला. पडद्यावर लाल, टपोरी अक्षरं होती.

"नवीन पान केलं की तो आधी मला दाखवायचा," आई म्हणाली. "मला पासवर्ड लक्षात राहत नाहीत ना. म्हणाला, तुझ्यासाठी दार उघडंच ठेवतो, ताईला सांगू नकोस, ओरडेल. शेवटच्या पानावर विचारलंय त्याने, 'आई, बटण हिरवं बरं की निळं?' विचारलं आणि बाहेर पडला. मी रोज सकाळी ते उघडते आणि सांगते, हिरवं."

ताईने पिशवीतून लॅपटॉप काढला. "मी उघडून देते. आत्ता. फक्त तुझ्यापुरतं."

"नको."

"आई, अगं ती पाटी..."

"चोरांसाठी आहे, एवढं कळतं मला. नाहीतर मला कशाला अहोजाहो करेल तो?" आईने टॅब हळूच पालथा ठेवला. "पण इतके दिवस मी एकटीच बोलत होते गं. आज पहिल्यांदा तो बोलला."