धाकटीचा वन्समोर

धाकटी बहीण थोरलीच्या मांडीवर मरून पडली होती आणि कोणी टाळीसुद्धा वाजवत नव्हतं.

धाकटी म्हणजे जागेश्वर. नेसूचं लुगडं, केसांचा टोप, गालावर बोटभर पावडर. मेल्या मेल्या त्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं. कारध्याच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, जमलेलं सारं पब्लिक पोत्यांवर, घोंगड्यांवर गप्प बसून होतं. तांबडं फुटायला आलं होतं. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत नाटक उजाडेपर्यंत चालतं. तिसऱ्या अंकापर्यंत जो जागा राहिला तोच खरा रसिक. मग हे रसिक वन्समोर काहून देईनात?

वन्समोर त्याला हवाच होता. मंडळाचे अध्यक्ष सुखरामभाऊ दसऱ्यालाच बोलून गेले होते, "पुढल्या सालापासून बाईच्या कामाले नागपूरची बाई आणू. मिशा भादरलेल्या बायका आता पब्लिकले चालत नाही."  लहानपणापासून जागेश्वरने नाटकात बाईशिवाय दुसरं कोणतं काम केलं नव्हतं, आणि करायचंही नव्हतं. हातापाया पडून त्याने एवढं कबूल करून घेतलं, की धाकटीच्या मरणाच्या पदाला वन्समोर मिळाला तर काम त्याचंच राहील. मिशीचं काय घेऊन बसलात, गळा पाहा, असं त्याचं म्हणणं. धान कापताना, बंडी हाकताना त्याने ते पद घोकलं होतं. बैलांनाही पाठ झालं असेल.

पण मास्तर आडवे आले. तीन बहिणींची एक जुनी, जाडजूड कादंबरी वासुदेवराव मास्तरांनी तरुणपणी वाचली होती. धाकटी मरते तिथे आले तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. तिचं संगीत नाटक करायचं, हा ध्यास त्यांनी तेव्हापासून धरला. यंदा स्वतः पदं रचून ते उभं केलं. तालमीत त्यांनी जागेश्वरला बजावलं होतं, "ती मेली म्हणजे मेली. वन्समोर आला तरी उठायचं नाही. मेलेलं माणूस उठून गातं का?"

"नाटकात उठते, मास्तर," जागेश्वर म्हणाला होता. मास्तर त्या दिवशी तालीम सोडून घरी गेले होते.

आता वन्समोरच येईना, म्हटल्यावर मास्तरांचं फावलं. पडदा पाडायला त्यांनी हात वर केला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक चिरका आवाज उठला.

"वन्समोर!"

पब्लिकचं काय, एकाने तोंड उघडायचा अवकाश. पोरंटोरं, म्हातारे, मंडईला आलेले जावई, सगळेच ओरडायला लागले. पेटीवाल्याने सूर धरला. विंगेतून मास्तर दात-ओठ खात म्हणाले, "पडून राहा, गाढवा!"

जागेश्वर उठला. लुगडं सावरलं, पुन्हा मांडीवर डोकं ठेवलं, पद म्हटलं आणि मेला.

"वन्समोर!" पुन्हा तोच चिरका आवाज. पुन्हा जागेश्वर उठला, पुन्हा गायला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा थोरलीचं काम करणारा परसराम ओठ न हलवता पुटपुटला, "पाय बधिरला गा माझा. आता बराबर मरून जाय." मास्तर डोक्याला हात लावून बसले होते.

पडदा पडल्यावर सुखरामभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "राहू दे ते नागपूरची बाई. पुढल्या सालीही तूच!" जागेश्वरला आनंदाने रडूच फुटलं, पावडरचा पार चिखल झाला.

उन्हं वर आली तशी त्याने चौकशी केली, पहिला वन्समोर कोणाचा? चंद्रभागाबाईचा, कळलं. नदीकडच्या टोकाला तिचं घर. मंडळाने दिलेला नारळ घेऊन तो तडक तिकडे गेला. आपल्या गळ्याची पारख असलेलं गावात कोणीतरी निघालं होतं, याचंच त्याला अप्रूप. म्हातारी अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तो पाया पडला.

"बुढीमाय, तुम्ही माही लाज राखली. पदातली कोणती जागा आवडली, सांगा ना!"

म्हातारी नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. आतून सून आली.

"हातवारे करून सांगा, भाऊ. बुढीचे कान कवाचेच गेले. कानाजवळ ढोल वाजवला तरी आयकू येत नाही तिले."

घ्या! जागेश्वरचं तोंड एवढंसं झालं. ती बैलांसमोरची मेहनत, त्या मास्तरांच्या शिव्या, ते अध्यक्षांचं वचन, आणि वन्समोर देणारी ठार बहिरी! नारळ तिथेच ठेवून तो निघणार, इतक्यात म्हातारीला त्याच्या कानामागे राहिलेली पावडर दिसली. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तूच का गा ते धाकटी?" ती म्हणाली. "आमची धुरपता अशीच माह्या मांडीवर निजली होती. लहान बहीण माही. गळा फाटेपर्यंत हाका मारल्या, उठलीच नाही. तू तं बापा, म्या हाक मारली का उठे."

 जागेश्वर खाली बसला. मग सुनेच्या देखत त्या सारवलेल्या अंगणात आडवा झाला, म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि डोळे मिटून वन्समोरची वाट पाहू लागला.