डावीकडचं वळण

गणपतरावांनी गाडी डावीकडं वळवली आणि हॉर्न वाजला नाही.

ही साधी गोष्ट नव्हती. गेले काही दिवस गाडी डावीकडं वळली की आपोआप बोंबलायची आणि चाक सरळ होईपर्यंत गप्प बसायची नाही. स्टिअरिंगचं चाक डुगडुगतं म्हणून गणपतरावांनी मोबाईलवर व्हिडिओ बघत ते स्वतः खोललं होतं आणि स्वतःच बसवलं होतं. डुगडुग गेली. आता गाडी सरळ न्यायची तर चाक वाकडं धरावं लागे, इतकंच. दोन स्क्रू उरले, ते कंपनीनं जादाचे दिले असणार असं ठरलं. राहता राहिला हॉर्न. आज कळंब्याच्या तलावावर फिरायला निघण्याआधी त्यांनी पक्कड घेतली आणि हॉर्नची वायरच तोडून टाकली.

"झाला का न्हाय दुरुस्त?" परत येताना, वळणावर, ते शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले.

"तोडलासा," शालूबाई म्हणाल्या. "दुरुस्त कुठं केलासा?"

नेमकं त्याच वळणावर बाळासोचं घर होतं. बाळासो म्हणजे सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत गणपतरावांचं नाव मुलीच्या मामाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. समोरासमोर आले की दोघंही माना फिरवत. शालूबाई त्याला खानदानी मानेचं दुखणं म्हणत.

मग हॉर्न बिघडला. गाडी वळणावर बोंबलली की बाळासो दारात येऊन बोंबलू लागला. गणपतरावही काच खाली करून तोलामोलाचं उत्तर देऊ लागले. शिव्या रोज वडिलांपर्यंत पोचत, आणि वडील दोघांचे एकच असल्यामुळे तिथं थांबत. शाळेमागून, उजव्या हातानं घरी येणारा दुसरा रस्ता होता. तो या दिवसांत गणपतरावांना एकदाही आठवला नाही.

काल मात्र बाळासो बोलला होता, "पी. टी. मास्तर हुतास न्हवं? हजार पोरं गप बसवायचास. एक हॉर्न गप बसवता येईना व्हय रं?"

हे लागलं. म्हणून पक्कड.

आज बाळासो आधीच फाटकात उभा होता. कमरेवर हात, छाती भरून घेतलेली, तोंड उघडायच्या बेतात. गाडी त्याच्यासमोरून गुपचूप गेली. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो धावत रस्त्यावर आला आणि त्यानं डिकीवर थाप मारली.

"थांबीव! थांबीव आधी!"

गाडी थांबली. बाळासो खिडकीशी आला. रागानं त्याचे कान लाल झाले होते.

"आज वाजला का न्हाय?"

"दुरुस्त केला."

"कुणाला इचारून?"

"गाडी माझी, हॉर्न माझा! तुला कशाला इचारू?"

"मी हितं मघाधरनं उभा हाय, च्या टाकून! आन् तू आपला मुक्यानं निघालास? माझ्या दारात काय मयत झालंय, गप गप जायाला?"

"वाजला तर बोंबलतोस, न्हाय वाजला तरी बोंबलतोस! काल तूच म्हणालास, कलेक्टरला अर्ज देतो म्हणून!"

"लिवलाय की अर्ज! आता त्यो काय चुलीत घालू?"

"घाल! न्हायतर त्या मामाला दे वाचायला! त्याचं नाव वर हाय न्हवं?"

बाळासोनं गाडीच्या टपावर आणखी एक थाप मारली, फाटकातून आत गेला आणि फाटक असं आपटलं की कडी आपोआप लागली.

गणपतराव बसून राहिले. त्यांनी चाकाच्या मधोमध अंगठा दाबून बघितला. काही नाही. पुन्हा दाबला, जोर लावून. अंगठा दुखला.

"बरं झालं," शालूबाई समोर बघत म्हणाल्या. "उद्यापास्नं परत मानंचं दुखणं. शांत तरी असतंय."

"तू गप!"

त्यांनी गाडी मागं घेतली. पार कोपऱ्याच्या पलीकडं, जिथून वळायला सुरुवात होते तिथवर. मग दात आवळून पुन्हा डावीकडं वळवली. काच पूर्ण खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि ज्या आवाजानं अख्ख्या मैदानाला सावधान केलं होतं, त्या आवाजात ओरडले,

"पोंऽऽऽऽऽ!"

समोरच्या भिंतीवरचं मांजर खाली पडलं. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. आत खुर्ची सरकली, कडी खडखडली, आणि एकाच पायात चप्पल घातलेला बाळासो बाहेर आला.

"कोण हाय रं त्यो रेडा? लाज वाटती का? लोकाच्या दारात येऊन..."

"पोंऽऽऽऽऽ!"

"बंद कर! बंद कर म्हणतो न्हवं!"

पण चाक सरळ होईपर्यंत थांबायचं नव्हतं. आणि ते चाक गणपतरावांनी स्वतः बसवलेलं होतं.