सोडणारी ओळ

डिबगर म्हणजे दूरच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम हव्या त्या ठिकाणी थांबवणारं साधन. अमरावतीत घरी बसून मी त्याच्या चाचण्या लिहीत होते. मशीन अकोल्याच्या ऑफिसात होती आणि शाकीब तिच्याजवळ बसून माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता.

चाचणी प्रोग्राम थांबवायची, तपासायची आणि सोडायची. दर वेळी शाकीबही बोलता बोलता थांबायचा, मग त्याच अर्ध्या शब्दापासून पुढे बोलायचा.

"तुझं नेटवर्क गंडून राहिलं," मी म्हणाले.

"माहं? मले तर सगळं बराबर दिसून राहिलं, ताई."

नापास होताना पाहिल्याशिवाय मी कुठल्याच चाचणीवर विश्वास ठेवत नाही. म्हणून प्रोग्राम सोडणारी ओळ मी मुद्दाम काढली आणि चाचणी चालवली. ती नापास झाली.

शाकीब चहाचा कप ओठांशी नेता नेता थांबला.

मी ओळ परत घातली, चाचणी पुन्हा चालवली. प्रोग्राम थांबला, सुटला. चाचणी पास झाली. शाकीब तसाच होता.

"शाकीब, नेटवर्क गेलं का रे?"

त्याच्यामागे पंखा फिरत होता. कपातून वाफ वर जात होती. एक माशी आली, त्याच्या उघड्या डोळ्यावर बसली आणि सावकाश बुबुळावरून चालू लागली.