शुक्रवारची सवाष्ण

अंबूबाईंनी वाफ्याकडेचं ओलं गोणपाट उचललं आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. न सांगता पाहुणी दारात आली की निघतं ना, तसं.

गोणपाटाखाली गोगलगाई होत्या. त्या रोजच असत. बिनशंखाच्या, बोटाएवढ्या, चिखलालाच जीव फुटावा तशा. पण आज त्यांतल्या एकीच्या पाठीवर हिरवी टिकली होती. अंबूबाईंची टिकली. काल सकाळी पाकिटातल्या उरल्यासुरल्या टिकल्या त्यांनी चार-सहा जणींना लावल्या होत्या आणि अख्खी बादली शेजारच्या जतीनच्या वाडीत रिकामी केली होती.

गोगलगाईला टिकली चिकटली कशी, हे मला विचारू नका. तिलाच विचारा. ती सांगेल, फक्त दिवाळी उजाडेल.

रोज बादली भरून बाहेर टाकावी आणि रोज तेवढ्याच पुन्हा वाडीत! इकडे धोबळी मिरचीची रोपं जात होती. यंदाची सगळी लावणी या एका वाफ्यावर होती आणि अर्ध्या वाफ्यात आता नुसत्या काड्या. मीठ टाकलं तर काम झटक्यात होईल, पण श्रावणात जीव मारायचा नाही, हा अंबूबाईंचा नेम. त्यांचे यजमान सदूभाऊ म्हणाले होते, "नेम पाळ. पण मग कालवणात मिरची कुठाय, असं मला विचारू नकोस."

गोणपाटाखालच्या सगळ्या बादलीत भरून अंबूबाई तरातरा कुंपणाशी गेल्या. पलीकडे जतीन उभाच होता. एक हात पाठीमागे.

"काय काकी, एवढ्या पावसात?"

"रोपं बघतेय. तुझी काय म्हणतात?"

"देठं झकास आलीत."

"आणि पाठीमागे काय लपवलंस?"

"बादली. झाडांना पाणी घालतोय."

आभाळ चार दिवस गळत होतं. जतीनने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

"आज लाल टिकली? रोज हिरवी असते."

"हिरव्या संपल्या."

"संपणारच."

आता मात्र अंबूबाईंचा बांध फुटला. "म्हणजे तूच टाकतोस माझ्याकडे!"

"मी?" जतीनने बादलीसकट हात विवळवेढ्याच्या देवीच्या डोंगराकडे केला. "महालक्ष्मीची शपथ काकी, तुमच्या वाडीत एक जरी टाकली असेल तर! टिकली बघितली तेव्हाच ओळखलं, काकींकडून आल्यात. आता काकींनी पाठवलेलं काकींनाच परत करायचं? बरं दिसत नाही. म्हणून मी आपला बंगल्याच्या वाडीत टाकतो."

बंगला मुंबईच्या साहेबांचा. साहेब शनिवारी येत, रविवारी जात. अंबूबाई, जतीन आणि बंगला, तिघांची कुंपणं एका कोपऱ्यात मिळायची. त्याच कोपऱ्यातून आता बंगल्याचा रखवालदार रघ्या आला. सायवन गावचा माणूस, डोक्यावर प्लास्टिक, हातात बादली. दोघांना पाहून तो थबकला.

"काकी," त्याने अदबीने विचारलं, "टाकू, का तुम्ही आत जाईपर्यंत थांबू?"

"तूसुद्धा रघ्या?"

"साहेबांचं गवत खातात ओ. यांनी गवत खाल्लं तर साहेब मला खातील. तुमची वाडी मोठी. म्हटलं, खपून जातील."

तिघांनी तीन बादल्यांत पाहिलं. पायी निघाली असती तर ही जात तीन वाड्या जन्मात ओलांडू शकली नसती. पण बादलीत बसून, वाटेत तीन घरचं जेवून, हिची रोज प्रदक्षिणा चालली होती. देवीच्या डोंगरावर अनवाणी जाणाऱ्या माणसांनासुद्धा एवढी सोय नाही.

जतीनने खिशातून बायकोने बांधलेली मिठाची पुडी काढली. "ऋचाने दिलीय. काकी, श्रावण राहू दे बाजूला. रोपं राहिली पाहिजेत."

अंबूबाईंनी वाफ्याकडे पाहिलं. पुडीकडे पाहिलं. मग बादलीतल्या टिकलीवाल्या गोगलगाईकडे पाहिलं. तिने दोन्ही शिंगं वर केली होती.

"आज वार कोणता रे?"

"शुक्रवार."

"ठेव ती पुडी खिशात. श्रावणातला शुक्रवार, कपाळाला टिकली लावून बाई दारात आलेली. सवाष्ण उपाशी घालवायची होय?"

"काकी, टिकली कपाळाला नाही, पाठीला आहे."

"तिचं कपाळ कुठे संपतं, तुला ठाऊक आहे?"

जतीनने पुडी खिशात घातली.

"अहो!" अंबूबाईंनी घराकडे तोंड करून हाक मारली. "ती पिकलेली पपई आणा. आणि अळूचं एक पान."

सदूभाऊ छत्री सावरत पपई घेऊन आले. "मला वाटलं, माझ्यासाठी कापतेस."

"तुम्हाला टिकली आहे का?"

तीन कुंपणांच्या कोपऱ्यात पान मांडलं. पपई फोडून त्यावर ठेवली. तिन्ही बादल्या भोवती ओतल्या. खरं सांगतो, एकीनेही मिरचीकडे ढुंकून पाहिलं नाही. टिकलीवाली पुढे, बाकीच्या मागे, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारख्या सगळ्या पपईकडे वळल्या.

"काकी," जतीन पुडी चाचपत म्हणाला, "आजचं भागलं. पण पुढे?"

"आज माझ्याकडे झालं." अंबूबाईंनी पदराला हात पुसले. "पुढच्या शुक्रवारी तुझ्याकडे. ऋचाला सांगून ठेव."

रघ्याने रिकामी बादली उचलली आणि आवाज न करता एक-एक पाऊल मागे घेऊ लागला.

"रघ्या," अंबूबाई वळूनही न पाहता म्हणाल्या, "साहेबांकडे पपई पिकते का, बघून ठेव."