छताला लटकलेली कुंडी

कुंडी परत छतालाच लटकलेली.

तिने स्क्रीनकडे बघितलं, मग टेबलावरच्या खऱ्या कुंडीकडे. खरी कुंडी शहाण्यासारखी बसली होती, माती खाली, पानं वर. कॅमेऱ्याला मात्र ती डोक्यावर उभी दिसत होती. ही तिसरी खेप. "डोकं फिरायची वेळ आलीय," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं माणूस एकच होतं, पण हे त्याला उद्देशून नव्हतं. त्याच्याशी कालपासून अबोला होता.

तो म्हणजे तिचा नवरा. शेजारच्या टेबलावर तो सर्किट बोर्ड जोडायचा, त्यावर कॅमेऱ्याचा सेन्सर बसवायचा. त्या सेन्सरला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ती लिहायची. इतकी वर्षं हा ड्रायव्हर सगळं गृहीत धरून चालला होता: सेन्सर कुठल्या तारेवर आहे, वीज किती लागते, कोणत्या बाजूने बसवलाय. आता बोर्ड तऱ्हेतऱ्हेचे झाले, तेव्हा कंपनीच्या मालकांनी फर्मान काढलं की प्रत्येक बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलीत लिहायचं आणि ड्रायव्हरने ते वाचून वागायचं. जे आहे ते खरं लिहायचं, एवढंच काम. सेन्सर सुलटा असेल तर शून्य अंश, उलटा असेल तर एकशे ऐंशी, की ड्रायव्हर चित्र फिरवून देणार. यात न जमण्यासारखं काय आहे, सांगा.

तरी जमत नव्हतं. शून्य लिहिलं, कुंडी उलटी. एकशे ऐंशी लिहिलं, कुंडी उलटी. पुन्हा शून्य, आणि कुंडीबाई छतालाच. कॅमेरा दातांच्या डॉक्टरांसाठी होता आणि संध्याकाळी कुरियरने जायचा होता. असाच गेला तर कुणा बिचाऱ्याची खालची दाढ दुखत असताना वरची उपटली जाणार, आणि खापर हिच्या डोक्यावर फुटणार.

शेजारच्या टेबलाला विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण विचारणार कोण? भांडण आईवरून झालं होतं. तिची आई एकटी राहायची, आणि नुकतीच बाथरूममध्ये घसरून पडली होती. "इकडेच घेऊन येऊ तिला," ही म्हणाली, तर हा म्हणाला, "दोन खोल्यांत झोपवणार कुठे?" त्यावर ही जे बोलली, ते बोलायला नको होतं. ते तिला रात्रभर डाचत राहिलं. घर त्याचंही आहे, आपणच हट्ट सोडावा, असं ठरवून सकाळी जिन्यात जाऊन तिने आईला फोन केला. "इतक्यात नको येऊस गं. पुढे बघू." आई "बरं" म्हणाली आणि अडखळली. तिला आणखी काही बोलायचं होतं बहुतेक, पण ते ऐकायच्या आधीच हिने फोन ठेवून दिला.

आता ती चिडून उठली. बोर्ड बंद केला, फाइलीत परत एकशे ऐंशी लिहिलं आणि दर खेपेसारखी चहा आणायला निघाली. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, कप टेबलावरच राहिला. ती मागे वळली.

नवरा तिच्या टेबलावर ओणवा झाला होता. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हाताच्या चिमटीत सेन्सर, ओठांत दोन स्क्रू.

"काय करतोयस?" अबोला तिथेच मोडला.

त्याने ओठांतले स्क्रू काढले. "फिरवून बसवतोय. तुला उलटं दिसत होतं ना."

"आणि मघाशी?"

"मघाशीही."

"त्याच्या आधी?"

त्याचे कान लाल झाले होते.

"अरे, मी इकडे फाइल बदलतेय आणि तू तिकडे सेन्सर फिरवतोयस. मग ते सुलटं होणार कधी? तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तू अबोला धरला होतास."

"मी? मला वाटलं, तू धरलायस."

तिला राग आला होता, हसूही येत होतं. राग जास्त होता. "जसा होता तसाच बसव," ती म्हणाली.

"उलटा?"

"उलटा तर उलटा. मी तसंच लिहिलंय. आणि आता कशाला हात लावू नकोस."

त्याने दोन्ही स्क्रू आवळले आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. तिने बोर्ड चालू केला. कुंडी टेबलावर आली, माती खाली, पानं वर.

कॅमेरा खोक्यात भरून ती चिकटपट्टी लावत होती, तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता. तिचे हात गुंतलेले बघून नवऱ्यानेच स्पीकर लावला.

"अगं, माझं डोकं चालेनासं झालंय," आई म्हणाली. "सकाळी सकाळी जावईबापूंचा फोन आला, या, रविवारी मी स्वतः न्यायला येतो म्हणाले. बॅग भरली. तेवढ्यात तुझा फोन, नको येऊस. बॅग रिकामी केली. मघाशी परत त्यांचा, तयारी झाली का विचारायला. गुडघे हे असे, किती वेळा वाकू मी? भरू की नको, ते एकदा सांगा."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलायला गेला. तिने चिकटपट्टीच्या हातानेच त्याला थांबवलं.

"तू थांब. हात लावू नकोस म्हटलं ना," ती म्हणाली. मग फोनकडे वाकली. "आई, बॅग भर."

"बरं," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्ही दोघं एकाच खोलीत बसता ना गं?"