सहा ते नऊ

तिसरा वक्ताही ‘आमचे’ म्हणूनच सुरू झाला.

“आमचे साहेब,” नगररचना कचेरीतला निवृत्त आरेखक माइकला म्हणाला, “नकाशावर बाक दाखवण्याआधी त्या जागी आठ दिवस एक साधी खुर्ची ठेवायचे. लोक बसले तरच तिथं बाक.”

शोकसभेत कौतुकाची कुजबुज झाली. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मुलीला ती खुर्ची चांगली माहीत होती. ती घरच्या जेवणाच्या टेबलाची होती. शहराला नीट बसता यावं म्हणून घरातलं कुणीतरी कायम स्टुलावर जेवायचं.

त्याआधी फिल्टर कंपनीचा म्हातारा मॅनेजर बोलून गेला होता. त्याच्या मते बाबा हे ‘आमचे सेल्समन’. त्यांनी एकदा नळच नसलेल्या घरात पाण्याचा फिल्टर विकला. मग लाज वाटून त्या गल्लीला नळ मिळेपर्यंत कचेरीत खेटे घातले. इतके घातले, की शेवटी शिकून-सवरून त्याच कचेरीत नोकरीला लागले. लोक हसले. शोकसभेत जेवढं हसायची मुभा असते, त्याहून जरा जास्तच हसले.

मुलीच्या हातात चार वेळा खोडून लिहिलेला कागद होता. शेजारी बसलेल्या आत्यानं त्यात डोकावायचा प्रयत्न केला.

“बघू काय लिहिलंयस.”

“नको.”

“म्हणजे वाईटच लिहिलंयस. अगं, माणूस गेलाय.”

“खोटं काही लिहिलं नाही, आत्या.”

“खरं बोलायला कुणी हॉल भाड्यानं घेतं का?”

मुलीनं कागदाची घडी घातली. आत दोनच वाक्यं होती. ‘बाबांनी सगळ्यांना वेळ दिला. मी रांगेत होते.’ आई गेल्यावर घरात दोघंच उरली होती, आणि त्यांतला एक सतत मैदानावर असायचा. सुट्टी असो, ताप असो, बाबा रोज सव्वानऊला यायचे. “जेवलीस?” “हो.” एवढं बोलणं झालं की घर पुन्हा गप्प. ते शहरभरच्या पोरांना फुटबॉल शिकवत होते. आपल्याला काय कमी पडलं, हे त्यांना आज सगळ्यांदेखत ऐकवायचं तिनं ठरवलं होतं. ते ऐकायला नव्हते, ही अडचण होती. पण ते तसेही नसायचेच.

मागच्या रांगेतून एक टक्कल पुढं वाकलं.

“ताई, ओळखलं नसेल. सरांच्या टीमचा पहिला गोलकीपर. आता प्लंबर. तुमच्या बाथरूमचा शॉवर मीच बसवलाय.”

“तो गळतो,” ती म्हणाली.

“येऊन बघतो.” तो जरा ओशाळला. मग आणखी पुढं वाकून हळूच म्हणाला, “एक सांगू? इथं कुणी बोलणार नाही. सरांना फुटबॉल येत नव्हता.”

तिनं मान वळवली.

“अजिबात नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे आम्ही शिकवलं त्यांना. तेही त्यांना तीन वर्षांनी कळलं.”

“मग कोच कसे झाले?”

“झाले कसले, सापडले. ऑफिसातून यायचे आणि मैदानाच्या कडेला बसून राहायचे. मांडीवर बॅग. सहा ते नऊ. आमच्याकडे बघायचेही नाहीत, घड्याळाकडे बघायचे. महिनाभर आम्ही पाहिलं. मग मीच म्हटलं, काका, एवढे बसलाच आहात तर निदान शिट्टी तरी वाजवा.”

“पण घरी का नाही यायचे?”

“विचारलं ना. आम्हाला वाटलं, घरात काहीतरी भांडण असणार. तर म्हणाले, छे रे, मुलीची परीक्षा आहे. मी घरात असलो की तिचा अभ्यास होत नाही.”

मंचावर आरेखकाचं भाषण संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे न ठरल्यामुळे थोड्याच वाजल्या.

“मग ती आमची चेष्टाच झाली,” प्लंबर हसत म्हणाला. “आम्ही मोठे झालो, नोकऱ्यांना लागलो, तरी मैदानावर गेलो की विचारायचो, काय सर, संपली का परीक्षा? तेही हसायचे. म्हणायचे, तिनं अजून काही सांगितलं नाही.”

सूत्रसंचालकानं घसा साफ केला. “आता सरांची कन्या दोन शब्द बोलेल.”

ती उठली. कागद खुर्चीवरच राहिला. आत्यानं तो तत्परतेनं उचलला, उघडला, वाचला आणि पर्समध्ये घालून चेन लावली. मुलगी माइकसमोर जाऊन नुसतीच उभी राहिली. लोकांना वाटलं, गहिवरली. सूत्रसंचालकानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

बाबांनी ते वाक्य शब्दाला शब्द बरोबर सांगितलं होतं. आई जाऊन पाच महिने झाले होते. बाबा कधी नव्हे ते साडेपाचला घरी येऊन स्वयंपाकघरात भांडी पाडत होते, आणि तिनं पुस्तकातून मान वर न करता म्हटलं होतं, “बाबा, तुम्ही घरात असलात की माझा अभ्यास होत नाही.” त्या परीक्षेचा निकाल लागून एकवीस वर्षं झाली होती.