मनोऱ्याभोवती

नदीकाठी:
वाट सपाट, गाड्यांना बंदी. सासूबाई पुढे, मी मागे. या वयात त्या सायकल शिकल्या, पण उतरणं काही अजून जमलेलं नाही. म्हणून गाव जवळ आलं की मी पुढे जाऊन उभी राहते, त्यांचं हँडल धरते आणि मग त्या उतरतात.

वेशीच्या अलीकडे:
माझं चाक पंक्चर झालं.
"आई, थांबा!"
"थांबता आलं असतं तर तुला कशाला आणलं असतं?" असं ओरडून त्या जुन्या वेशीतून आत दिसेनाशा झाल्या.

वेशीच्या आत:
सायकल ढकलत, धापा टाकत मी चौकात पोचले. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती सासूबाई गोल गोल फिरत होत्या. पायऱ्यांवर बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती. मी सायकल तिथेच टाकली. हात पसरून मी आडवी उभी राहिले.
"बाजूला हो गं!"
त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय टेकवला, दुसरा अलगद काढून घेतला. उतरल्या.
"आई! हे कधी जमलं?"
"मघाशीच, आल्या आल्या. पण बघायला तू नव्हतीस, म्हणून परत चढले."